शालनला मूळ आलं

रंगरावआण्णांच्या घरी फुलं बघायला जाऊ नये. अपमान होतो. तुमचा नाही, फुलांचा.

आम्ही रहिमतपूरला त्यांच्या शेजारी राहायला आलो, त्याच आठवड्यात मला हा अनुभव आला. त्यांच्या परसात हिरव्या जाळीचा मांडव आहे आणि त्यात शंभरेक ऑर्किडं टांगलेली आहेत. एकाला जांभळ्या फुलांची हातभर दांडी आली होती. मी "किती सुंदर!" म्हणत फोन काढला. आण्णांनी ते झाड उचललं, फुलांचं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि झाडाची पाठ माझ्यापुढे धरली. मागून पेन्सिलीएवढ्या जाड, चंदेरी मुळ्या दाढीसारख्या लोंबत होत्या.

"आता काढा फोटो," ते म्हणाले. "फूल काय, कुणीबी दावतंय. मूळ बगा मॅडम, मूळ!"

मी हायस्कूलला मराठी शिकवते. मूळ गाव, मूळ मुद्दा, मूळ नक्षत्र आणि मूळव्याध हे या शब्दाचे सगळे उपयोग मुलांकडून घोकून घेते. पण समोरच्या माणसाच्या झाडाच्या मुळ्यांचं कौतुक कोणत्या शब्दांत करायचं, ते मला सुचेना. "छान आहेत," म्हटलं. आण्णांना ते पुरलं नाही. त्यांनी एक मूळ माझ्या चिमटीत दिलं.

"दाबा. भ्याऊ नगा. हवा टाईट हाय का न्हाई?"

हवा टाईट होती.

आण्णांनी उभा जन्म ट्रक चालवला. तासगावकडची द्राक्षं भरायची आणि पार गुवाहाटीपर्यंत न्यायची, हे त्यांचं काम. तिकडेच एका ढाब्यामागे फणसाच्या झाडावर त्यांना पहिलं ऑर्किड 'भेटलं'. हा त्यांचाच शब्द. "माती न्हाई, खत न्हाई, पाटाचं पानी न्हाई. मुळ्या हवंत सोडून निवांत बसलंय गडी! आन आमच्या उसाला बगा, समदं देऊनबी रडतोय." ढाबेवाल्याने त्यांचं हे वेड बघून एक फुटवा काढून दिला. आण्णांनी तो केबिनमध्ये देवाच्या फोटोशेजारी टांगला आणि आपल्या प्यायच्या पाण्यातलं निम्मं पाणी त्याच्यावर शिंपडत रहिमतपूरला आणला.

पुढे ट्रक सुटला, पण ट्रकची भाषा सुटली नाही. मुळाचं टोक हिरवं असलं की ते 'चालू' असतं. लालसर असलं तर 'ब्रेक लाईट'. टोकावर पांढरा पापुद्रा चढला आणि वाढ थांबली, की "हँडब्रेक लावलाय गड्यानं, त्येला आता छेडायचं न्हाई." आणि फुलांपेक्षा मुळ्या का मोलाच्या, याचं त्यांचं उत्तर ठरलेलं: "ट्रकचं रंगकाम बगून कोन माल भरत न्हाई मॅडम. टायर बगून भरत्यात."

त्यांची झाडं कुंडीत नसतात. कुंडीत मूळ दिसत नाही, आणि मूळ दिसलं नाही तर आण्णांना जेवण जात नाही. म्हणून किराणा दुकानातल्या गोळ्या-बिस्किटांच्या पारदर्शक बरण्या आणायच्या, तापलेल्या सळईने त्यांना भोकं पाडायची, आत कोळसा आणि नारळाच्या शेंड्या भरायच्या. आमच्या गावातल्या दुकानदारांना आता सवय झाली आहे. बरणीच्या तळाला चार गोळ्या उरल्या, की ते त्या पोरांना फुकट वाटतात आणि आण्णांना निरोप धाडतात.

रोज सकाळी फवारणीचा पंप पाठीला लावून ते मांडवात शिरतात. पाणी पडलं की चंदेरी मुळ्या बघता बघता हिरव्या होतात. हे रोज होतं, सगळ्यांच्याच ऑर्किडला होतं. पण आण्णा रोज ओरडतात, "आलं आलं! रंग आला बगा!" त्यांच्या पत्नी सुमनकाकी स्वयंपाकघरातून जागच्या न हलता म्हणतात, "आला का? बरं झालं. काल आला हुता त्यो ऱ्हायला न्हवता वाटतं." मग माझ्याकडे वळून, "उभा जलम ट्रकच्या मागं फिरलं. घरी आलं तर झाडाच्या मागं फिरतंय. माझ्या मागं फिरलेलं ह्या गावानं कवा बगितलं न्हाई."

असे वेडे जगात एकटे नसतात, हे मला मोबाईलमुळे कळलं. 'मूळ मंडळ' नावाचा एक ग्रुप आहे. कराडचे एक दातांचे डॉक्टर, पलूसच्या एक नर्सबाई, सांगलीचे एक साडीवाले आणि आण्णा. महिन्यातून एका रविवारी चौघं आण्णांच्या मांडवात जमतात, आणि पोहे गार होईपर्यंत एकेका बरणीपुढे उकिडवे बसतात. "काय टोक हाय!" "ही गेल्या खेपंला नव्हती." "एकावर एक तीन फाटे? वा!" डॉक्टरांचा तर मुळांशी धंद्यानेच संबंध, पण तिथली सगळी किडलेली. इथे आले की त्यांचे डोळे निवतात. मी सुरुवातीला भिंतीपलीकडून ही मंडळी बघून तोंडाला पदर लावायची. मग कधी पोहे द्यायच्या निमित्ताने गेले, कधी नुसतीच गेले, आणि एका रविवारी "ही जरा सुकलेली वाटते का?" असं माझ्याच तोंडून निघालं. आण्णांनी डॉक्टरांकडे असं पाहिलं, जणू मी दहावीला बोर्डात आले होते.

या वेडापायी फजितीही कमी झाली नाही. एकदा त्यांनी मंडळाला पाठवायचा फोटो चुकून भावकीच्या ग्रुपवर टाकला. एक जाड, पांढरट, वळलेली वस्तू, टोक लालसर, आणि खाली लिहिलेलं, 'आज सकाळी बाहेर आले.' दुपारपर्यंत सतरा जणांनी 'काळजी घ्या' आणि 'लवकर बरे व्हा' लिहिलं होतं. एका चुलत्याने तर चांगल्या डॉक्टरचा पत्ता दिला.

दुसऱ्या वेळी सांगलीच्या पुष्पप्रदर्शनात त्यांनी झाड मांडलं. सांगली माझं माहेर, म्हणून मीही गेले होते. परीक्षकबाई सगळ्या टेबलांवरून हसतमुखाने फिरत आल्या आणि आण्णांच्या टेबलापाशी थबकल्या. झाड पाठमोरं होतं.

"काका, फूल कुठे आहे?"

"मागं हाय. लाजतंय."

बक्षीस मिळालं नाही. मी शेजारच्या गुलाबात फार रस असल्याचं दाखवत उभी होते.

पण हसायचं ते हसून झाल्यावर मान्य करायला हवं, की या माणसाच्या हातात जादू आहे. पंचक्रोशीत कुणाचंही ऑर्किड आजारी पडलं, की आण्णांना बोलावणं येतं. ते जातात, झाड बरणीतून काढतात, कुजलेल्या मुळ्या पात्याने अलगद कापतात, जखमेवर हळद लावतात आणि झाडाच्या मालकिणीला समज देतात, "पानी लय झालं. त्याच्या वाटणीचं थोडं त्येला करू द्या की. मूळ काय तहानंनं मरत न्हाई ताई, मायेनं कुजतंय." असं सांगायला कुठल्या कॉलेजात शिकावं लागत असेल, मला माहीत नाही. मी माझ्या मुलाच्या अभ्यासात नाक खुपसणं त्यानंतर बरंच कमी केलं.

आण्णांच्या झाडांना नावं आहेत, आणि ती त्यांच्या मुक्कामांची: नागपूर, रायपूर, सिलिगुडी, कूचबिहार. "रायपूरनं आज दोन काढली," असं ते सांगतात. फक्त एका झाडाचं नाव वेगळं होतं, शालन. ढाब्यामागून आणलेलं तेच ते पहिलं झाड. मला वाटायचं, शालन ही ऑर्किडची जात असणार. डेंड्रोबियम, व्हँडा, शालन. स्टाफरूममध्ये मी ते दोनदा ठासून सांगितलंही होतं, आणि जीवशास्त्राच्या सरांनी मान डोलावली होती.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात आण्णांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ते घरात पडून असताना शालन सतत भिजत राहिली आणि तिची सगळी मुळं कुजली. राहिली दोन सुरकुतलेली पानं. मंडळातल्या सगळ्यांनी सांगितलं, टाकून द्या. आण्णांनी ते खोडाचं बोटभर बुडखं पाण्याच्या भांड्यावर अधांतरी टांगलं आणि रोज सकाळी सगळ्यांत शेवटी त्याच्यापुढे जाऊन उभे राहू लागले. एवढा बडबड्या माणूस, पण तिथे बोलत नसे. वर्ष झालं तरी ते बुडखं ना मरत होतं, ना जगत होतं.

आणि या श्रावणात, पंचमीला चार दिवस असताना, सकाळी मांडवातून आरोळी आली.

"आगं सुमन! मूळ आलं! शालनला मूळ आलं!"

आमच्या पलीकडे मालनमावशींची पिठाची गिरण आहे. तिच्या घरघरीमुळे आमच्या गल्लीत कुणालाच हळू बोलायची सवय नाही. आण्णा भिंतीपाशी आले, डोळे पाण्याने भरलेले. "मॅडम, आवं शालनला मूळ आलं!"

मीही शेवग्याच्या शेंगा हातात धरून तितक्याच जोरात ओरडले, "अभिनंदन आण्णा! आता सोडू नका तिला!"

गिरणीचा पट्टा नेमका त्याच वेळी उतरला होता आणि घरघर थांबली होती. मालनमावशींनी शब्द न् शब्द ऐकला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशी पिठाने पांढरे झालेले हात पुसत आण्णांच्या अंगणात आल्या. मी काकींकडे बसले होते. मावशींचा चेहरा असा फुललेला मी कधी पाहिला नव्हता.

"आण्णा, कवा निघताय कुंडलला? शालन पिशवी भरून बसलीया."

आण्णांच्या हातातली बरणी खाली टेकली. "कुटली शालन?"

"आता ह्ये काय? तुमची भन! माझी लेक त्येंच्याच गल्लीत दिलीया न्हवं. मी काल सकाळीच लगीच फोन लावला, म्हटलं जाऊन सांग, पंचमीला तुझ्या दादानं मूळ धाडलंय. नऊ वरसांनी! शालन तिथंच मटकन खाली बसली म्हनं."

मला काहीच कळेना. काकी पदराने तोंड पुसत मला म्हणाल्या, "मॅडम, सासरी गेलेल्या लेकीला म्हायेरचं माणूस न्यायला येतं, त्येला मूळ म्हनत्यात आमच्यात." मी मराठीची शिक्षिका. माझा भाऊ गाडी घेऊन दारात हॉर्न वाजवतो आणि मी जाते. त्याला काय म्हणतात, हे मी विसरूनच गेले होते. आणि शालन ही ऑर्किडची जात नव्हती.

आण्णा कसेबसे म्हणाले, "मालन, आगं मी झाडाचं बोलत हुतो."

मावशींचा चेहरा पडला. पण बाई खमकी. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मग आता काय करू? फोन करून सांगू व्हय तिला, की तुझ्या भावानं झाडाला मूळ धाडलंय, तू आपली पिशवी सोड?"

 आण्णा म्हणाले, "फोन करू नगंस," आणि मांडवात जाऊन बसले.

मग काकींनी मला सगळं सांगितलं. शालन आण्णांची धाकटी बहीण. आई लवकर गेली, तिला आण्णांनीच वाढवलं. लग्न होऊन कुंडलला गेल्यावर दर पंचमीला आण्णा स्वतः तिला न्यायला जायचे, ट्रक कुठेही असला तरी. नऊ वर्षांपूर्वी तिच्या थोरल्या मुलाचं लग्न ठरलं. लग्नात नवऱ्यामुलाच्या पाठीशी मामा उभा राहावा लागतो. आण्णा म्हणाले, एक खेप करून येतो, चार दिवस आहेत अजून. खेप अडकली. ते कुंडलला पोहोचले तेव्हा मांडव उतरवून झाला होता.

"शालन भांडली न्हाई," काकी म्हणाल्या. "दारात निस्तं येवडंच म्हनली, 'आता कशाला आलास दादा? मामा हुबा केला आमी दुसरा.' ह्ये पानीबी न पिता माघारी फिरलं. चूक ह्येंची, आन तोंड लपिवत्यात ह्येच. मी जाती-येती, ह्येंचं पाऊल उचलत न्हाई. दर पंचमीला ती वाट बगती आन ह्ये झाडाला पानी घालत बसत्यात."

मला त्या माणसाचा राग आला, आणि कीवही आली. नऊ पंचम्या म्हणजे काही थोडा काळ नव्हे.

त्यानंतरचा सबंध दिवस आण्णा मांडवातच बसून होते. सकाळी मुळांना रंग आल्याची आरोळी आली नाही, तेव्हा काकीही घाबरल्या. "ह्ये न्हाई ना गेलं," त्या मला म्हणाल्या, "तर सुनांच्या म्होरं तिला पिशवी सोडावी लागंल. आन मग ह्या जन्मात तरी ती ह्या घरचं नाव काडायची न्हाई."

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी आण्णा आमच्या दारात उभे. पांढरा सदरा, डोक्यावर नवी टोपी.

"मॅडम, गाडी रिकामी हाय का? मी चालवतो. पर तुमी संगं चला. तुमीबी वरडला हुता."

माझा गुन्हा नाकारण्यात अर्थ नव्हता. मी शाळेला रजा कळवली. काकींनी हिरवी साडी आणि बांगड्यांचा डबा दिला. "ते झाडबी न्या की दावायला," असंही म्हणाल्या. आण्णा एकदम दचकले. "नवं मूळ हाय. त्येला हादरा नगं."

गुवाहाटीपर्यंत ट्रक नेलेला हा माणूस, पण त्या दिवशी आमची छोटी गाडी त्याच्याने चालवेना. जवळची पुसेसावळीची वाट सोडून ते कराडवरून निघाले. दोनदा चहाला थांबले, तीनदा उतरून टायरची हवा बघितली. मधेच विचारायचे, "काय म्हनू मी तिला?"

"न्यायला आलो म्हणा. बाकी काही सांगू नका."

"म्हंजी खोटं बोलू?"

"खोटं कसलं? न्यायलाच निघालोय ना?"

"आज निघालोय. पर मूळ मी धाडलं नव्हतं मॅडम. ती मी धाडलं म्हून बसलीया."  कुंडलच्या वेशीत गाडी दोनदा बंद पडली. गाडीत काही बिघाड नव्हता.

शालनताई सोप्यात बसल्या होत्या. साठीच्या आसपासची ठेंगणी बाई, आण्णांचंच नाक, अंगावर ठेवणीतली साडी. शेजारी टम्म भरलेली पिशवी. आतून दोन सुना डोकावत होत्या. आण्णांनी चपला काढल्या, पण उंबऱ्याच्या आत आले नाहीत. मी मागून त्यांना हलकेच ढकललं, तर त्यांनी नेमकं तेच केलं, जे करू नका म्हणून मी सबंध वाट घसा कोरडा केला होता.

"शालन, आदी खरं सांगतो. मूळ मी धाडलं नव्हतं. झाडाला आलं हुतं. मालननं ऐकलं आन तिला वाटलं..."

"ठावं हाय मला," शालनताई म्हणाल्या.

आण्णांचं वाक्य तिथेच राहिलं. "कवा कळलं?"

"कालच. मालनच्या पोटात काय ऱ्हातंय व्हय? तिची लेक सांगून गेली, झाडाचं मूळ हुतं म्हून. लय हसल्या माझ्या सुना."

"मग... ही पिशवी?"

शालनताईंनी पिशवीच्या बंदाशी चाळा केला. "भरल्याली हुती, ती सोडली न्हाई. म्हटलं, दादाच्या कानावर तर गेलंच आसंल, मी बसलीया म्हून. आता बगू तरी, येतोया का."

आण्णांनी चौकटीला हात लावला आणि तसेच उभे राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला तिथे थांबवेना. मी गाडीपाशी येऊन रडले, हे लपवण्यात काही अर्थ नाही. आतून शालनताईंचा आवाज ऐकू येत होता. "पानी दे गं मामाला. मागल्या टायमाला न पिता गेलाय." आणि थोड्या वेळाने, गल्लीत सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "जाऊन येती गं पोरींनो. माझा भाऊ आलाय न्यायला."

पिशवी आण्णांनी स्वतः उचलून आणली, मला हात लावू दिला नाही. शालनताईंना पुढच्या सीटवर बसवलं, त्यांच्या बाजूची काच उतरवली. मग गाडी सुरू करायच्या आधी सदऱ्याच्या खिशातून एक लिंबू काढलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"ल्हानपनापास्नं गाडी लागती तिला," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

शालनताईंनी ते लिंबू नाकाशी धरलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. रहिमतपूर येईपर्यंत त्यांनी लिंबू खाली ठेवलं नाही. रस्ता चांगला होता, आणि आण्णा चाळीसच्या वर एकदाही गेले नाहीत.